बाबा, लाडू आणि मागून चालत येणारा कायोटी

कॅलिफोर्नियात सॅन रॅमोनला तुमचं घर, घरामागे ओढ्याच्या कडेने जाणारी पायवाट, साडेपाच किलोंचा लाडू नावाचा शिह त्झू जातीचा कुत्रा, आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले एकाहत्तर वर्षांचे बाबा. ते रोज सकाळी सहाला लाडूला घेऊन निघतात. गेल्या आठवड्यात तीनदा एक कायोटी, म्हणजे इथलं कोल्ह्यासारखं रानटी जनावर, पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवून त्यांच्या मागे चालत आला आणि लाकडी पुलापाशी थांबला. तुम्ही विचारलंय की बाबांनी फिरायला जाणं बंद करावं का, आणि त्या जनावराला पकडून लांब डोंगरात सोडणारं कुणी असतं का. मग अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य लिहिलंय: बाबा खारींना आणि कावळ्यांना पोळीचे तुकडे टाकतात तेव्हा तो लांब बसून नुसता बघतो, काही करत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या शेवटच्या वाक्याची वाटली.

मी गेली सोळा वर्षं याच भागात लोकांची कुत्री फिरवते आणि त्यांना (म्हणजे कुत्र्यांना, पण बरेचदा मालकांनाही) शिकवते. वन्यजीवशास्त्र शिकलेली नाही. पण पहाटे आणि तिन्हीसांजेला ओढ्याकाठी चालणाऱ्या माणसाला कायोटी भेटतोच, आणि मला तो वर्षात तीस-चाळीस वेळा तरी दिसतो. खाली जे लिहितेय ते बहुतेक त्या भेटींमधून आणि माझ्या एक-दोन मूर्खपणांमधून आलेलं आहे.

आधी बाबांसाठी प्राण्याची ओळख, कारण आपल्याकडची माणसं त्याला एकतर कुत्रा समजतात नाहीतर लांडगा. तो आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा बराच लहान. आपल्या भागातला कायोटी साधारण दहा ते पंधरा किलोंचा भरतो. हिवाळ्यात अंगावर केस भरले की वीस-पंचवीसचा वाटतो. रात्री जी कोल्हेकुई ऐकून आई घाबरल्या असं तुम्ही लिहिलंय, ती दहा-बारा जनावरांची असेलच असं नाही. दोन कायोटी सूर बदलत ओरडले तरी आख्खी टोळी आल्यासारखं वाटतं. आणि दिवसाउजेडी दिसला म्हणजे पिसाळला, असंही नाही. माणसांच्या वस्तीजवळ ते रात्री जास्त फिरतात, पण दिवसा फिरणं त्यांच्या स्वभावाबाहेरचं नाही.

आता तो मागे का येतो? दोन कारणं संभवतात, आणि तुमच्या बाबतीत दोन्ही एकत्र असावीत असा माझा अंदाज आहे.

पहिलं कारण म्हणजे महिना. कायोटींची जोडी जानेवारी ते मार्चमध्ये जुळते, साधारण नऊ आठवड्यांनी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात, एका वेळी चार ते सात. पिल्लं काही आठवडे बिळात असतात, मग बिळाच्या तोंडाशी खेळायला लागतात, आणि ऑगस्टपर्यंत आईबाप त्या जागेची राखण करतात. अशा वेळी जवळून कुत्रं गेलं की त्यांच्यातला एक जण मागे लागतो. धावून येत नाही, ओरडत नाही, नुसता अंतर ठेवून चालत राहतो. रात्री उशिरा सोसायटीत अनोळखी माणूस आला की वॉचमन जसा गेटपर्यंत मागे येतो, तसं. त्याच्या लेखी बाबा बिनमहत्त्वाचे आहेत. त्याचा डोळा लाडूवर आहे, कारण कुत्रं म्हणजे त्याच्याच जातकुळीतला परका. हद्द संपली की तो थांबतो. तुम्ही लिहिलंय की तिन्ही वेळा तो पुलापाशीच थांबला. ही खूण मला मोलाची वाटते. रोज एकाच जागी थांबणारा कायोटी बहुधा बीळ राखत असतो. ते बीळ ओढ्याच्या त्या अंगाला, पायवाटेपासून फार लांब नसावं.

दुसरं कारण पोळी.

बाबांना दोष देऊ नका. माझे सासरे आले होते तेव्हा जेवायला बसण्याआधी पहिला घास बाहेर ठेवायचेच. चिमण्या-कावळ्यांना घातल्याशिवाय जेवण गोड लागत नाही अशी ती पिढी, आणि त्यात वाईट काही नाही. पण इथल्या ओढ्याकाठी पोळीचा हिशोब वेगळा होतो. पोळी खायला खारी येतात, खारींच्या मागे कायोटी येतो, आणि खारी उष्टं टाकून गेल्या तर पोळीही तोच खातो. तो लांब बसून नुसता बघतो, असं तुम्हाला वाटतं. खरं तर तो शिकत असतो: पांढरी टोपी घातलेला, सावकाश चालणारा, हातातून खाणं सोडणारा हा माणूस, याला भ्यायचं कारण नाही. आज वीस पावलं, पंधरा दिवसांनी दहा. मग एखाद्या दिवशी बाबा पोळी न घेता जातात आणि तो जवळ येऊन वाट बघतो, हातातल्या पिशवीकडे बघतो. तिथून पुढची गोष्ट चांगली नसते, आणि ती शेवटी त्याच्या जिवावर बेतते. शिवाय कॅलिफोर्नियात वन्यप्राण्यांना असं खायला घालणं नियमाविरुद्ध आहे. बाबांना कायदा सांगण्यापेक्षा हे सांगा, की त्या पोळीने तो मरेल. माझ्या सासऱ्यांना तेच पटलं होतं.

भीती किती बाळगायची, याचंही प्रमाण सांगते, कारण शेजारच्या गटांमध्ये चाललेल्या गप्पा वाचल्या तर माणूस दार उघडायचा नाही. कायोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या नोंदलेल्या घटना आख्ख्या उत्तर अमेरिकेत दोन आहेत: १९८१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला एक लहान मुलगी आणि २००९ मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियाला एक तरुणी. दुसऱ्या बाजूला, आपल्यापासून अर्ध्या तासावरच्या मोरागा-लाफयेत भागात २०२० च्या उन्हाळ्यापासून काही महिन्यांत पाच जणांना चावे बसले. डीएनए तपासल्यावर कळलं की ते एकाच कायोटीचं काम होतं. २०२१ च्या मार्चमध्ये त्याला मारलं आणि प्रकार थांबला. म्हणजे आसपासचे बाकीचे कायोटी तेव्हाही आपापले उंदीर धरत होते. म्हणून मी ‘कायोटी धोकादायक असतात का’ या प्रश्नाला उत्तर देत नाही. हा जो एक तुमच्या पायवाटेवर आहे, तो कसा वागतो आणि रोज काय शिकतो, एवढंच बघते.

लाडूची गोष्ट मात्र वेगळी. साडेपाच किलोंचं कुत्रं कायोटीच्या नजरेला सशापेक्षा फार मोठं दिसत नाही. तीस किलोंचं लॅब्राडोर असतं तर मी म्हटलं असतं, पिल्लांच्या दिवसांत वाट बदला आणि विसरून जा. मोठ्या कुत्र्याशी त्यांचं भांडण बहुधा हद्दीचं असतं. लहान कुत्र्याच्या बाबतीत हद्द आणि भूक अशा दोन्ही गोष्टी येतात. शिकागोच्या कुक काउंटीत २००० सालापासून शहरी कायोटींचा अभ्यास चालू आहे. तिथे हजाराहून जास्त विष्ठांचे नमुने तपासले तेव्हा सगळ्यात जास्त, सुमारे ४२ टक्के नमुन्यांत उंदरांसारखे लहान कुरतडे प्राणी निघाले, त्याखालोखाल फळं, हरणं, ससे. मांजरांचे अवशेष जेमतेम एका टक्क्यात. म्हणजे पाळीव जनावर हे त्याचं रोजचं जेवण नव्हे. पण समोर, एकटं, मालकापासून वीस फुटांवर सापडलं तर सोडेल याची खात्री नाही.

वीस फूट मी उगाच म्हटलं नाही. सुरुवातीच्या काळात मी एका घरचा बीगल त्या लांबत जाणाऱ्या, बटण दाबून आखडणाऱ्या लीशवर फिरवत होते. टेकडीच्या वळणावर तो पुढे गेला, दोरी सरसर सुटत गेली, आणि मी वळण पार करेपर्यंत तो एका कायोटीसमोर उभा होता. मी घाबरून दोरी हातानेच ओढली, तळवा सोलवटला, आणि त्या झटक्याने बीगल अजूनच चवताळला. नशीब, समोरचा शहाणा निघाला आणि झुडपात गेला. त्या दिवशी घरी येऊन ती लीश कचऱ्यात टाकली. बाबांच्या हातात साधी, सहा फुटांची, न ताणणारी लीश द्या. लोक सांगतात की कायोटी कुत्र्यांना खेळाच्या आमिषाने टोळीकडे नेतात. माझ्या पाहण्यात तसं कधी आलं नाही. घडतं ते असं: मोकळं सुटलेलं कुत्रं कायोटीच्या मागे लागतं, कायोटी पळतो तो आपल्या घरच्यांकडेच पळतो, आणि कुत्रं एकदम तिघा-चौघांत जाऊन पोचतं. लीश असेल तर ही गोष्ट सुरूच होत नाही.

तर बाबांनी फिरणं बंद करू नये. सांगलीहून आलेल्या माणसाची इथली सकाळ काढून घेतली तर दिवसभर ते करणार काय? पण ऑगस्ट संपेपर्यंत वाट आणि वेळ, दोन्ही बदला. ओढ्याची पायवाट सोडा. तुमच्याकडे आयर्न हॉर्स ट्रेल आहे, जुन्या रेल्वेमार्गावरची, रुंद आणि सरळ. लांबून सगळं दिसतं आणि सकाळी माणसांची वर्दळ असते. हे काही माघार घेणं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ उद्यानातसुद्धा पिल्लांच्या दिवसांत काही वाटा कुत्र्यांना बंद असतात. तिथल्या जाणत्या लोकांनीही हाच हिशोब केलाय, की काही महिने कुत्र्यांनी वळसा घ्यावा, ते स्वस्त पडतं. वेळ सहाऐवजी साडेसात करा. बाबा सहाला का निघतात याचं कारण तुम्हीच लिहिलंय: तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेसहा असतात आणि कट्ट्यावरच्या मित्रांना फोन लागतो. साडेसातला तिथे आठ वाजतील, मित्र जेवायला बसण्याआधी सापडतील. फक्त तो फोन चालताना नको. कानात बोंडं घातलेला माणूस मागून कोण येतंय हे ऐकत नाही, आणि ऐकणं ही या सगळ्यातली निम्मी सुरक्षितता आहे. बाकावर बसून बोलू द्या.

एवढं करूनही कायोटी समोर आला तर काय, हे बाबांना शांतपणे, दोन-तीनदा करून दाखवा. पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. लाडूला उचलायचं. इथे मला बाबांचे गुडघे आठवतात. घाईत वाकताना एकाहत्तर वर्षांचा माणूस तोल जाऊन पडला तर ते कायोटीपेक्षा मोठं संकट होईल, आणि मी तसं होताना पाहिलेलं आहे. म्हणून लाडूला पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. पिशवी उचलावी तसं त्याला फार न वाकता उचलता येतं. त्याला बाकावर, कट्ट्यावर ‘वर’ म्हटल्यावर उडी मारायला शिकवा. चिकनचे बारीक तुकडे आणि एक आठवडा, तेवढ्यात शिकतो. कमरेच्या उंचीवर आलेलं कुत्रं छातीशी घेणं सोपं.

मग पुढचं अंतरावर आणि जागेवर ठरतं. तो लांब आहे आणि आपल्या वाटेने चाललाय, तर काही करू नका, उभे राहा, जाऊ द्या. त्याच्याकडे तोंड ठेवून, पाऊल पाऊल मागे घेत बाबांनी आपल्या वाटेला लागावं. तो पन्नास फुटांच्या आत आला, थांबून बघत राहिला किंवा जवळ यायला लागला, तर मोठं व्हायचं: हात वर, छाती पुढे, आणि आवाज. शब्द कोणतेही चालतात. माझ्या एका ओळखीच्या काकू ‘हाड् हाड्’ असं ओरडतात आणि त्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो. एकही कायोटी त्यांच्या वाटेला जात नाही. डब्यात नाणी घालून खडखडवा, शिट्टी वाजवा, काठी आपटा. त्याला लागेल असं काही मारू नका, त्याच्या आसपास जमिनीवर खडा पडला तरी पुरतो. आणि एकदा सुरू केलं की तो दिसेनासा होईपर्यंत थांबायचं नाही. दोनदा हात हलवून आपण थांबलो, तर तो हेही शिकतो की ही माणसं दोन मिनिटं आरडाओरडा करून गप्प बसतात.

याला एक अपवाद आहे, आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा. बीळ जवळ असल्याची शंका असेल, तिथे हे हाकलणं करू नका. पिल्लांजवळचे आईबाप हटत नाहीत, उलट पुढे सरकतात, गुरगुरतात, पाठीची कमान करून तोंड वासतात. तिथे आवाज न वाढवता, त्याच्याकडे तोंड ठेवून, आल्या वाटेने बाहेर पडायचं. जखमी किंवा कोपऱ्यात सापडलेल्या कायोटीलाही डिवचायचं नाही. म्हणजे पुलाच्या आतल्या बाजूला, जिथे तो मागे येतो त्या भागात, भेटला तर मुकाट्याने परत. तोच कायोटी तुमच्या अंगणात किंवा गल्लीत आला तर मात्र मोठ्याने हाकला, तिथे तो पाहुणा आहे.

अंगणाचं थोडक्यात. झाडाखाली पडलेले लोकाट आणि अंजिरं रोज उचला, लाडूची वाटी बाहेर ठेवू नका, पक्ष्यांच्या दाण्याखाली उंदीर जमतात म्हणून तेही सध्या काढा. सहा फुटांपेक्षा बुटकं कुंपण त्याला कुंपणच वाटत नाही. रात्री लाडूला शूला सोडताना दिवा लावून सोबत जा, आधी एकदा टाळी वाजवून मग दार उघडा. काटेरी जाकिटं मिळतात लहान कुत्र्यांसाठी. वाईट नाहीत, पण ती घातली म्हणून लीश सोडणारे लोक पाहिलेत, म्हणून मी ती आपणहून सुचवत नाही. मिरपुडीचा फवारा तर बाबांच्या हातात देऊच नका. सकाळच्या वाऱ्यात तो पहिल्यांदा त्यांच्याच डोळ्यांत जाईल.

पकडून लांब सोडण्याबद्दल. कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय वन्यप्राणी पकडून दुसरीकडे सोडता येत नाही, आणि कायोटीसाठी तशी सेवा देणारं कुणी नाही. कुणी ‘पकडून नेतो’ म्हणाला, तर नेऊन मारणार असं समजा. समजा हा गेला, तरी ओढा तिथेच आहे, खारी तिथेच आहेत. स्वतःची हद्द नसलेले एकांडे कायोटी सतत फिरत असतात, काही आठवड्यांत त्यातला एखादा येऊन बसेल. निदान या जोडीचं थांबण्याचं ठिकाण तरी तुम्हाला कळलंय. नव्याचं काहीच माहीत नसेल.

मात्र तक्रार कधी करायची हे ठरवून ठेवा. तो माणसाच्या हाताकडे किंवा पिशवीकडे येऊ लागला, हाकलूनही हटेना, लहान मुलांच्या मागे चालू लागला, किंवा अडखळत, झोकांड्या खात चालताना दिसला, तर काउंटीच्या प्राणी सेवा विभागाला लगेच कळवा. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडेही संगणकावरून नोंद करता येते. प्रत्यक्ष हल्ला होत असेल तर ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन. लाडूला चावा बसला तर वरून दोन बारीक भोकं दिसतील आणि तुम्हाला वाटेल एवढंच आहे; तसं समजू नका. लहान कुत्र्याला तोंडात धरून झटका दिलेला असतो, आत बरंच फाटलेलं असतं. त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या. माणसाला चावला तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टर. लाडूची रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोची लसीकरणं पूर्ण आहेत ना, ते आजच बघून ठेवा, आणि ओढ्याकाठी पडलेली विष्ठा त्याला हुंगू देऊ नका. शिवाय इथल्या कायोटींना लूत झालेली बरेचदा दिसते, ती कुत्र्याला लागू शकते.

पोळीचं काय करायचं, हा घरातला नाजूक विषय. बाबांना नुसतं ‘टाकू नका’ म्हटलं तर ते गुपचूप टाकतील. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही बाल्कनीत पाण्याचं एक पसरट भांडं ठेवलं होतं, रोज सकाळी ते धुऊन भरायचं काम त्यांचं. पक्षी आले, त्यांचं समाधान झालं, आणि उष्टं काही उरलं नाही. पहिले काही दिवस तो कायोटी जुन्या जागी येऊन वाट बघेल. बघू द्या. काही मिळत नाही हे कळायला त्याला एक-दोन आठवडे लागतात.

आणि बाबांना छत्री द्या. मी गंमत करत नाहीये. बटण दाबल्यावर फट्‌कन उघडणारी, काळी, मोठी छत्री. एरवी ती काठी, उघडली की समोरच्याला माणूस एकदम तिप्पट मोठा झाल्यासारखा दिसतो, आणि लाडू तिच्याआड जातो. माझ्याकडची सगळी आजोबामंडळी ती न कुरकुरता वापरतात, कारण शिट्टी घेऊन फिरायची त्यांना लाज वाटते, छत्रीची नाही. फक्त आधी चार-पाच दिवस घरातच उघडमीट करून, दर वेळी खाऊ देऊन लाडूला तिची सवय करा. नाहीतर पहिल्या फट्‌ला लीश हिसडून पळेल तो लाडूच.